घरच्या तलावाला झाडू कोणता?

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर तीस-पस्तीस किलोमीटर गेले की इरुंगाट्टुकोट्टै लागते. नाव उच्चारताना मराठी जीभ दोनदा अडखळते. पण गावाची ओळख निघायला वेळ लागत नाही. ह्युंदाईची पहिली सँट्रो १९९८ साली इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. मोटारींच्या शर्यतींचा पावणेचार किलोमीटरचा मार्गही इथेच आहे. २०२३ साली याच कंपनीने पुण्याजवळच्या तळेगावातला जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला, तेव्हापासून हे लांबलचक नाव मावळातल्या घराघरांतही कानी पडू लागले असेल.

समजा, तळेगावच्याच एखाद्या इंजिनिअरची इकडे बदली झाली. श्रीपेरुंबुदूरच्या या पट्ट्यात कारखान्यांच्या मागोमाग बंगल्यांच्या वसाहतीही आल्या. तसा एक बंगला भाड्याने मिळाला आणि त्याच्या मागच्या अंगणात निळ्या फरशीचा, आठ मीटर लांब नि चार मीटर रुंद असा पोहण्याचा तलाव निघाला. (पूल म्हटले की मराठी माणसाला आधी नदीवरचा पूल आठवतो, म्हणून इथे त्याला तलावच म्हणू.) पहिले आठ दिवस मुले पाण्याबाहेर यायला तयार नसतात. नवव्या दिवशी सकाळी गृहिणी चहाचा कप घेऊन काठावर येते आणि म्हणते, "अहो, तळ बघितलात का? अंगणापेक्षा जास्त माती तिथे आहे!"

तिथून खरी गोष्ट सुरू होते. आठवड्यातून दोनदा येणारा माणूस लांब दांड्याचा ब्रश नि नळी घेऊन पाऊण तास तळ झाडतो. तो एक दिवस आला नाही की पाणी गढूळ. मग कोणीतरी सुचवते, "आता यंत्र मिळते की! सोडून द्या पाण्यात, आपोआप साफ करते." दुकानात चौकशी केली तर एक यंत्र काही दहा हजारांना, दुसरे लाखाच्या पुढे, आणि प्रत्येक विक्रेत्याचे यंत्र सर्वांत उत्तम! निवड करायची कशी?

अलिबाग, कर्जत, लोणावळा, मुळशी या भागांत ज्यांनी सुट्टीतली घरे बांधली आणि हौसेने मागे तलाव खोदला, त्यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात शोधण्याआधी आपल्या पाण्याच्या हिशेबात शोधावे. इरुंगाट्टुकोट्टैसारख्या ठिकाणी तर हा हिशेब टाळताच येत नाही.

चेंबरमबाक्कमच्या शेजारी

या गावापासून चेन्नईच्या बाजूला काही किलोमीटरवर चेंबरमबाक्कमचा प्रचंड जलाशय आहे. चेन्नईला पाणी पुरवणाऱ्या चार मोठ्या जलाशयांपैकी हा एक. डिसेंबर २०१५ मध्ये तो इतका भरला की त्यातून सेकंदाला २९ हजार घनफूट पाणी सोडावे लागले आणि अड्यार नदीच्या काठची वस्ती बुडाली. त्यानंतर चारच वर्षांनी, जून २०१९ मध्ये, चारही जलाशयांचे तळ उघडे पडले. नळ आटले, टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या, आणि जुलैत जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची रेल्वेगाडी २५ लाख लिटर पाणी घेऊन चेन्नईला आली. आपल्याकडे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती, ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, बंगळूरमध्ये, मार्च २०२४ च्या टंचाईत तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्याचे पाणी भरायला बंदी केली. मोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड. म्हणजे घरच्या तलावाचे पाणी ही आता केवळ त्या घरापुरती बाब राहिलेली नाही. शेजारच्या गल्लीत बाया रांगेत उभ्या असताना आपण तलावाचे पाणी गटारात सोडत असलो, तर ते कोणाच्या तरी डोळ्यांवर येणारच, आणि यावेच.

आता आपल्या आठ बाय चार मीटरच्या तलावाचा हिशेब मांडू. सरासरी खोली १.४ मीटर धरली तर त्यात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. बारा हजार लिटरचे टँकर धरले तर जवळजवळ चार टँकर. उन्हाने आणि वाऱ्याने रोज सरासरी पाच मिलिमीटर पाणी उडते असे धरा. ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून ते रोजचे १६० लिटर होतात आणि वर्षाचे ५८ हजार! म्हणजे भरलेला तलाव वर्षभरात एकदा पूर्ण हवेत जातो आणि वर थोडे उसनेही घेतो. पाऊस त्यातले बरेचसे परत देतो खरे. पण चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, तेव्हा तलाव भरून वाहतो आणि एप्रिल-मेमध्ये हाती काही उरत नाही.

दुसरी गळती माणसाच्या हातची आहे, आणि सफाईच्या यंत्राचा संबंध तिच्याशीच येतो.

घरगुती तलावाच्या बाजूला पंप नि वाळूची गाळणी असते. पाणी वाळूतून जाते, कचरा वाळूत अडकतो. वाळू तुंबली की पाण्याचा प्रवाह उलटा फिरवून ती धुवावी लागते. या धंद्यातली माणसे त्याला बॅकवॉश म्हणतात. तासाला दहा हजार लिटर पाणी ओढणारा पंप असेल तर तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये पाचशे लिटर पाणी गटारात जाते. दर आठवड्याला एकदा केला तर वर्षाला २६ हजार लिटर, म्हणजे दोन टँकरहून जास्त. त्यातही सफाईवाल्याला घाई असेल तर तो तळाचा गाळ गाळणीत न नेता नळीने थेट बाहेर सोडतो. अर्धा तास असे चालले की पाच हजार लिटर गेले. तळ मात्र स्वच्छ दिसतो आणि मालक खूश होतो.

तेव्हा यंत्र घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: उचललेला कचरा तुमचे यंत्र कुठे नेऊन टाकते?

तीन घराणी

बाजारात नावे पुष्कळ आहेत, पण घराणी तीनच.

पहिले ओढणारे. त्याची नळी तलावाच्या पंपाला जोडायची. पंप पाणी ओढतो आणि त्या ओढीच्या जोरावर हे थाळीसारखे यंत्र तळावरून सरकत राहते. या जातीची गोष्ट मोठी मजेशीर आहे. फर्डिनांड शोव्हिए नावाचा जलतंत्र जाणणारा इंजिनिअर १९५१ साली बेल्जियन काँगोतून दक्षिण आफ्रिकेत आला. तिथे घरोघर तलाव होते आणि ते झाडण्यात लोकांचे रविवार जात होते. १९७४ साली स्प्रिंग्ज या गावी त्याने पाण्याच्या ओढीवर चालणारे यंत्र तयार केले आणि त्याला नाव दिले क्रीपी क्रॉली. आजही या जातीची यंत्रे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत साधी. पाण्यात वीज नाही, मोटार नाही, बिघडायला फारसे काही नाही. पण कचरा जातो तो पंपाच्या जाळीत आणि तिथून वाळूच्या गाळणीत. जितकी धूळ जास्त तितका बॅकवॉश जास्त. शिवाय यंत्र चालेल तितका वेळ मोठा पंप चालवावा लागतो.

दुसरे ढकलणारे. गाळून परत येणारे पाणी जोराने या यंत्रात सोडतात. त्या झोताने चाके फिरतात आणि कचरा यंत्राच्याच पाठीवरच्या पिशवीत खेचला जातो. मोठी पाने, फुले, काड्या उचलण्यात हे वाकबगार. पिशवी मोकळी केली की झाले, गाळणीवर भार नाही. अडचण एवढीच की यातल्या बऱ्याच यंत्रांना वेगळा जोरपंप लागतो आणि त्यासाठी भिंतीत स्वतंत्र पाइप. तलाव बांधतानाच तो टाकून ठेवला असेल तर ठीक. तयार तलावाची फरशी फोडून पाइप टाकण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

तिसरा रोबो. इस्रायलमधल्या यिज्रेल या किबुत्झात, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, १९८३ साली सुरू झालेल्या मेट्रॉनिक्स कंपनीने डॉल्फिन नावाने या जातीची यंत्रे जगभर पोचवली. आता इतर अनेक कंपन्याही ती बनवतात. याच्या पोटात स्वतःच्या मोटारी, स्वतःचा छोटा पंप आणि स्वतःची गाळणी. तलावाच्या पंपाशी त्याचे देणेघेणे नाही. बाहेर एक डबा असतो. तो घरातली २३० व्होल्टची वीज तीस व्होल्टच्या आत आणतो आणि लांब केबलने यंत्राला देतो. ब्रश फिरवत ते तळावरून जाते, चांगल्यापैकी असेल तर भिंतीवरही चढते आणि दीड-दोन तासांनी थांबते. मग ते वर काढून पोटातली पेटी नळाखाली धुवायची. बादली-दोन बादल्या पाणी पुरते.

पाचशे लिटर एकीकडे, दोन बादल्या दुसरीकडे. पाण्याचा हिशेब इथे पुरता बदलतो. अर्थात रोबो घेतला म्हणून बॅकवॉश कायमचा सुटला असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. अंगावरचे तेल, क्रीम, पाण्यात तरंगणारी बारीक धूळ गाळणीतच जाणार. पण तळाचा गाळ तिथे न गेल्यामुळे वाळू उशिरा तुंबते. आठवड्याऐवजी पंधरवड्याने बॅकवॉश झाला तरी वर्षाचे तेरा हजार लिटर वाचतात.

बॅकवॉश केव्हा करायचा हे वार पाहून ठरवू नये, हेही जाता जाता सांगायला हवे. गाळणीवर दाबाचे घड्याळ असते. वाळू धुतल्यानंतर काटा जिथे असेल त्यापेक्षा तो स्पष्ट वर चढला की धुवायचे, एरवी नाही. हे घड्याळ बिघडले असेल तर आधी ते बदलावे. सगळ्या यंत्रसामग्रीत त्याच्याइतके स्वस्त आणि उपयोगी काही नाही.

विजेचे गणितही रोबोच्या बाजूने जाते. एक अश्वशक्तीचा पंप तासाला पाऊण युनिट खातो. ओढणारे यंत्र तीन तास चालवले तर सव्वादोन युनिटे. दीडशे वॅटचा रोबो दोन तासांत ०.३ युनिटवर भागवतो. मात्र हा फरक वर्षभर साठवला तरी लाख रुपयांची भरपाई लवकर होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रोबो घ्यायचा तो पाण्यासाठी आणि वेळेसाठी.

अलीकडे केबल नसलेले, बॅटरीवर चालणारे रोबोही आले आहेत. दिसायला सुटसुटीत. लहान तलावाला चालतीलही. पण बॅटरी काही वर्षांनी थकते आणि ती बदलून मिळेल का, किती रुपयांना, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय त्या मोहात न पडलेले बरे.

आपल्या तलावात पडते काय?

एक आठवडा काठावर बसून बघावे. इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूला महामार्गावरच्या अवजड ट्रकांची आणि नव्या बांधकामांची धूळ हा मुख्य शत्रू. ही धूळ इतकी बारीक की जाड जाळीतून सरळ निसटते आणि यंत्राच्या मागून पुन्हा पाण्यात धुरासारखी पसरते. अशा ठिकाणी रोबोची गाळणपेटी बारीक विणीची हवी. कोकणात जांभ्याची तांबडी धूळ असेल तिथेही तेच.

अंगणात कडुनिंब किंवा गुलमोहर असला की प्रश्न बदलतो. गुलमोहराची ती चिमुकली पाने बारीक जाळीवर लिंपल्यासारखी बसतात. अर्ध्या तासात यंत्राचा श्वास कोंडतो. तिथे जाड जाळी आणि मोठी पेटी पाहिजे. दोन्ही प्रकारच्या जाळ्या बदलून घालता येतील असा रोबो मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. झाडे दाट असतील आणि ओढणारेच यंत्र परवडत असेल तर त्याच्या नळीत मध्येच बसवायचा पानांचा डबा मिळतो, तो घ्यायला विसरू नये. नाहीतर पाने थेट पंपाच्या जाळीत जाऊन बसतात आणि पंप कोरडा पडतो.

वरवर तरंगणारी पाने मात्र यातले कुठलेच यंत्र नीट उचलत नाही. त्याला लांब दांड्याची जाळी आणि सकाळची पाच मिनिटे, एवढाच उपाय. हे काम मुलांना द्यावे. ती आनंदाने करतात. मात्र त्या वेळी कोणीतरी मोठे माणूस काठावर हवे.

तलावाची फरशी हा पुष्कळ जण विसरतात तो मुद्दा. आपल्याकडे काचेच्या किंवा चिनी मातीच्या गुळगुळीत फरश्या लावण्याची पद्धत आहे. परदेशात बहुतेक तलावांना खरखरीत गिलावा किंवा प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि कित्येक यंत्रांचे रबरी ब्रश त्याच पृष्ठभागासाठी बनवलेले. ते आपल्या ओल्या फरशीवर घसरतात. भिंतीवर चढायला जातात आणि धपकन खाली येतात. गुळगुळीत फरशीसाठी स्पंजासारखे मऊ रोलर मिळतात. ते बसवून मिळणार का, हे आधी विचारायचे. तसेच पायऱ्या, मुलांसाठी केलेला उथळ कट्टा, तळाच्या जाळीचे वर आलेले झाकण, या प्रत्येक ठिकाणी यंत्र अडू शकते. घोटाभर पाण्याच्या कट्ट्यावर रोबो चढला तर तो हवा ओढू लागतो आणि गोंधळतो. असा कट्टा हातानेच झाडायचा, असे ठरवून टाकावे.

शिवाय पाणी कुठले, तेही पाहायला हवे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच ते पाणी चहासारखे तांबूस होते आणि फरशीवर डाग धरतात. जड पाण्याची पांढरी पुटे कडेला बसतात. हे डाग झाडून निघत नाहीत. लाखाचा रोबो आणून तो रोज त्यावरून फिरवला तरी डाग तसाच आणि मालकाचा संताप वाढता! टँकर बदलला की पाणीही बदलते, म्हणून नव्या टँकरचे पाणी आधी तपासून घेणे चांगले.

चकचकीत तळ आणि पाण्याचा भरवसा

यंत्र आले की माणसे निर्धास्त होतात, आणि धोका तिथेच आहे. यंत्र तळ झाडते. पाण्यातले जंतू मारणे हे क्लोरीनचे काम. २०२४ आणि २०२५ साली केरळात कोमट गोड्या पाण्यातल्या अमीबामुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराने अनेकांचे बळी घेतले. हा जीव नाकात शिरलेल्या पाण्यावाटे मेंदूपर्यंत पोचतो. विहिरी, टाक्या आणि पोहण्याचे तलाव क्लोरीनने शुद्ध करण्याची मोहीम तिथल्या आरोग्य खात्याला हाती घ्यावी लागली. आजार दुर्मिळ आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही; पण तलावातल्या क्लोरीनचे मोजमाप रोज करायला एवढे कारण पुरे. दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग मुक्त क्लोरीन आणि आम्लता दाखवणारा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान, ही घरगुती तलावाची सर्वसाधारण मर्यादा. रंग बदलणाऱ्या पट्ट्यांनी दोन मिनिटांत समजते. जोराचा पाऊस झाला की क्लोरीन पातळ होते आणि दोन दिवसांत शेवाळ धरते. आपल्याकडे जून-जुलैत आणि चेन्नईकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे हमखास घडते.

पाणी एकदा हिरवे झाले की रोबो त्यात सोडू नये. मेलेले शेवाळ पिठासारखे असते. जाळी तुंबते किंवा ते आरपार निघून जाते. क्लोरीनचा मोठा डोस, मग तुरटी टाकून एक रात्र पाणी स्थिर ठेवायचे, सकाळी तळाशी बसलेला गाळ हाताने नळी फिरवून बाहेर काढायचा. तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळायची आपल्या आजीची युक्ती इथे अजून चालते. या एका प्रसंगी पाणी बाहेर सोडण्याला इलाज नसतो. ते दोन दिवस उन्हात ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते, मग झाडांना घालता येते. मिठापासून क्लोरीन बनवणारे यंत्र बसवलेले असेल तर मात्र ते खारट पाणी बागेला नको.

विजेबद्दल तर तडजोड नाहीच. रोबोला जाणारी वीज कमी दाबाची असली तरी डब्यापर्यंत येणारी २३० व्होल्टची असते. हा डबा पाण्यापासून साडेतीन मीटर तरी दूर, पावसात न भिजणाऱ्या जागी, अर्थिंग असलेल्या प्लगला आणि तीस मिलिअँपिअरला तुटणाऱ्या सुरक्षा-स्विचमधूनच जोडलेला हवा. जनित्रावर किंवा चढउतार असलेल्या विजेवर चालवायचा असेल तर विक्रेत्याला आधी विचारावे. यंत्र पाण्यात असताना कोणीही पाण्यात नको. मुलांना हा खेळण्यातला कासव वाटतो. त्याच्या पाठीवर बसायचा मोह त्यांना होतोच. ओढणाऱ्या यंत्राचा धोका वेगळा: नळी काढल्यावर भिंतीतले तोंड उघडे राहिले तर पंपाची ओढ इतकी असते की लहान मुलीचे केस किंवा हात त्यात अडकू शकतो. आपोआप मिटणारे झाकण त्या तोंडावर बसवलेच पाहिजे. आणि तलावाला चार फुटांचे कुंपण नि बंद होणारे फाटक नसेल तर यंत्राचे पैसे आधी तिकडे खर्च करावेत.

मग घ्यावे काय?

तलाव सहा बाय तीन मीटरहून लहान असेल आणि आठवड्यातून दोनदा माणूस येतच असेल, तर कुठलेच यंत्र घेऊ नये. चांगला ब्रश, चांगली नळी आणि त्या माणसाला बॅकवॉश केव्हा करायचा याची समज, एवढे पुरे. त्याच्या पगारात थोडी वाढ केली तरी ती यंत्राच्या व्याजापेक्षा कमी पडते.

तलाव मध्यम आहे, पाण्याची ददात नाही, झाडे मोजकी आणि पंप सशक्त, तर ओढणारे यंत्र खुशाल घ्यावे. बिघाड कमी, दुरुस्ती गावातला प्लंबरही करील.

झाडांच्या गर्दीत नवा तलाव बांधणारांनी ढकलणाऱ्या यंत्राचा पाइप आत्ताच टाकून ठेवावा. यंत्र नंतर घेतले तरी चालेल.

इरुंगाट्टुकोट्टैच्या आपल्या इंजिनिअरच्या घरी मात्र, जिथे धूळ बारीक, फरशी गुळगुळीत आणि पाणी टँकरचे, तिथे केबलचा रोबो घेणे शहाणपणाचे. सर्वांत महागडा नको. मोबाइलवरून चालवण्याची सोय, रंगीत दिवे हे सोडून द्यावे. बारीक जाळी, मऊ रोलर, वरून उघडणारी पेटी आणि गुंता न होणारी केबल या चार गोष्टींना पैसे द्यावेत. बंगला भाड्याचा आहे, उद्या बदली झाली तर रोबो डिक्कीत घालून तळेगावला नेता येतो, हीही एक सोय!

आणि रोबोच्याही आधी एक वस्तू घ्यावी: तलावावर पसरायचे आच्छादन. निळ्या बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचे असते ते. कोणी त्याला सफाईचे साधन म्हणत नाही, पण कचरा आत पडूच न देणारी तीच एक वस्तू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सांगण्याप्रमाणे आच्छादनामुळे तलावात वरून घालावे लागणारे पाणी ३० ते ५० टक्क्यांनी घटते. आपल्या हिशेबातल्या ५८ हजार लिटरांवर याचा परिणाम काय होईल तो वाचकांनीच करून पाहावा. मात्र मुले अंगणात असताना अर्धवट पसरलेले आच्छादन फार धोक्याचे. काढायचे तर पूर्ण काढावे, घालायचे तर पूर्ण घालावे.

यंत्र घेतल्यावर ते रात्रंदिवस पाण्यात ठेवणारेही असतात. क्लोरीनने रबर कडक होते, उन्हाने केबल ताठते. काम झाले की वर काढून, साध्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवावे. लोणावळ्याकडच्यांनी ते दाराआडच ठेवावे; केबल हे माकडांचे आवडते खेळणे ठरू शकते.

पट्टे, रोलर, पंख्याचे चक्र आणि केबल हे झिजणारे भाग. ते चेन्नईत, मुंबईत किंवा पुण्यात साठ्याला आहेत की दर वेळी परदेशातून मागवावे लागतात, हमी यंत्राची आहे की फक्त मोटारीची, आणि दुरुस्तीला माणूस घरी येतो की यंत्र पाठवावे लागते, ही उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला यंत्र घेऊन घरी बोलवावे. दुकानातल्या काचेच्या टाकीत सगळीच यंत्रे छान चालतात. आपल्या तलावाच्या खोल कोपऱ्यात ओंजळभर बारीक धुतलेली वाळू आणि मूठभर कडुनिंबाची पाने टाकावीत, पाने बुडेपर्यंत थांबावे आणि मग यंत्र सोडावे. कोपऱ्यात ते शिरते का, पायरीपाशी अडते का, मागून धुरळा उडतो का, भिंतीवरून घसरते का, हे खुर्ची टाकून तासभर बघावे. थांबल्यावर ते पाण्याबाहेर स्वतः उचलून पाहावे, कारण पाण्याने भरलेला रोबो विक्रेत्याच्या हातात हलका वाटतो आणि गृहिणीच्या हातात फार जड. मग पेटी आपणच उघडावी, पांढऱ्या बादलीत उपडी करावी आणि टाकलेल्या वाळूपैकी किती परत आली ते पाहावे.